फिल्टरवरची तारीख

तुंगार्ली, लोणावळा
८ जुलै २०२५

श्री. अंबाजी केदारी यांस,

मायना लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्या गॅरेजपर्यंत येण्याची ताकद माझ्यात नाही, म्हणून लिहिते आहे. तुमची कोमल चार वर्षं माझ्या वर्गात होती, तेव्हा माझं अक्षर तुमच्या घरात लागेल.

अकरा जूनला हे गेले. तुमच्या कानावर आलंच असेल, पण कसे गेले ते तुम्ही माझ्याकडून ऐकावं असं मला वाटतं. पवनानगरला माझी मैत्रीण ज्योत्स्ना राहते, तिच्याकडे आम्ही जेवायला गेलो होतो. पानावरच ह्यांना छातीत जड वाटायला लागलं. पित्त असेल म्हणून लिंबूपाणी घेतलं. मग घाम फुटला. गाडी मी चालवायला घेतली. दुधिवरे खिंडीच्या चढावर इंजिनातून खडखड ऐकू यायला लागली आणि एका वळणावर गाडी जागच्या जागी बंद पडली. किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज. बुधवार होता, धुकं होतं, पर्यटकांची एकही गाडी नाही, मोबाईलला रेंज नाही. पन्नास मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. ती पन्नास मिनिटं हे माझ्या मनगटावर हात ठेवून बसले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त वेळ लिहून घेतली.

श्रीयशनं, म्हणजे माझ्या मुलानं, गाडी ओढून आणवली. इंजिन आतून जॅम झालंय, तेल फिरलंच नाही, असं कळलं. मागची दोन-अडीच वर्षं सर्व्हिसिंग तोच पुण्याला करून आणत होता. पण त्याआधीची चौदा वर्षं गाडी तुमच्या हातात होती. तो म्हणतो, फाट्यावरचे गॅरेजवाले डुप्लिकेट ऑईल फिल्टर टाकतात, इंजिन आतून खराब होत जातं आणि कधीतरी दगा देतं.

तुम्ही कुठला फिल्टर टाकत होतात, अंबाजी? ह्यांचा तुमच्यावर फार विश्वास होता. मला खरं उत्तर हवं आहे.

नीरजा पुरंदरे


कार्ले फाटा
१९ जुलै २०२५

आदरणीय बाईंना अंबाजीचा नमस्कार.

साहेब गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. तवाच तुंगार्लीला आलतो. फाटकात श्रीयशदादा हुते, ते म्हणाले आता नको. मी माघारी फिरलो. तुमाला कुणी सांगितलं नसंल.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. माज्या मंडळीनं, रेणुकेनं, पण वाचलं. ती म्हणाली, बाईंनी इचारलंय तर सगळं लिवा. म्हणून लिवतो.

फिल्टर मी डबा बगून घेत न्हाई. डबेबी नकली निघत्यात, जुन्या डब्यात भलताच माल भरून इकत्यात. मी फिल्टर हातात घेतो. आदी वजन. मंग तोंडाच्या भोकातून आत बगतो, तितं रबराचा पडदा असतो. गाडी बंद असताना फिल्टरातलं तेल खाली उतरू न देणं ह्ये त्याचं काम. नकली मालात तो पडदा कडक असतो, न्हाईतर नसतोच. आतल्या कागदाच्या घड्या दाट आन् सारख्या पायजेत. म्हयन्याला एक नवा फिल्टर मी करवतीनं कापून बगतो, दुकानदार फसवत न्हाई ना म्हणून. साहेबांना ह्ये लय आवडायचं. रेल्वेच्या सिग्नलात तीस वर्सं काडलेला माणूस. म्हणायचे, अंबाजी, तू रेल्वेत पायजे हुतास.

कवा बदलायचा, त्येबी लिवतो. पुस्तकात धा हजार किलोमीटर न्हाईतर एक वरीस, जे आदी हुईल ते. पण आपल्याकडं घाट, धूळ, आन् पावसाळ्यात शनिवार-आयतवारी भुशी धरणाच्या रांगंत गाडी तीन तीन तास पयल्या गेरमदी. म्हणून मी सात हजाराला बदलायचो. आन् तेल बदललं का फिल्टर बदलायचाच. नवं तेल जुन्या फिल्टरात वतणं म्हंजे आंघूळ करून कालचीच मळकी बंडी घालणं. फिल्टर तुंबला का आतली एक झडप उघडती आन् तेल न गाळता तसंच इंजिनात जातं. गाडी चालती, आवाज करत न्हाई, माणसाला वाटतं सगळं ठीक हाय. मंग घाण तळाला साचती, तेल वडायची जाळी बंद हुती, आन् येक दिवस गाडी न सांगता बसती.

मी बसवलेल्या हर फिल्टरवर पांढऱ्या रंगानं तारीख आन् किलोमीटर लिवतो, खाली 'अं.' तुमची गाडी माज्याकडं शेवटची आली ती बावीस सालच्या दिवाळीआदी. त्यानंतर माज्या दुकानात आली न्हाई.

गाडी अजून असंल तर फिल्टर काडून बगा. माज्या बोलण्यावर जाऊ नका.

अंबाजी केदारी


तुंगार्ली
२८ जुलै २०२५

अंबाजी,

फिल्टर कसा निवडावा हे तुम्ही फार छान समजावलंत. वर्गात असतात तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण माझ्या पुढ्यात एक छापील बिल आहे. अठरा जानेवारी दोन हजार पंचवीस. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, सगळं ओळीनं लिहिलेलं, खाली शिक्का. फिल्टर नवा होता. मग तुमच्या पांढऱ्या रंगातल्या तारखेचं मी काय करू?

आणि एक सांगते, कारण नाहीतर तुम्ही श्रीयशला दोष द्याल. गाडी तुमच्याकडे न्यायची नाही हे मी ठरवलं. तुमच्या पत्र्याच्या शेडबाहेर, मोडक्या खुर्चीवर, ग्रीसच्या वासात दोन दोन तास बसायचा मला कंटाळा आला होता. येणारे-जाणारे ओळखीचे पालक विचारायचे, बाई, तुम्ही इथे कशा? श्रीयश म्हणाला, पुण्यात गाडी कॉम्प्युटरला लावतात, सगळं कागदावर मिळतं. हे नाही म्हणत होते. चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग दिली त्यांनी गाडी. माझा हट्ट योग्यच होता असं आज मला वाटतं. तो आणखी दहा वर्षं आधी करायला हवा होता.

गाडी पुढच्या आठवड्यात भंगारात जाईल. श्रीयशला ती दारात नको आहे. मलाही नको.

नीरजा पुरंदरे


कार्ले फाटा
४ ऑगस्ट २०२५

बाई,

काल आयतवारी श्रीयशदादा दुकानात आले. तीन गिऱ्हाइकं हुबी हुती. एकवीरेला आलेली मुंबईची माणसंबी हुती. दादा मोठ्यानं बोलले म्हणून मला सगळं ऐकू आलं, न्हाईतर आलं नसतं.

"माझ्या आईला पत्रं लिहायची नाहीत."

मी म्हणलं, "दादा, आदी बाईंनी लिवलं."

"तू माझ्या वडलांना मारलंस. डुप्लिकेट माल टाकून टाकून मारलंस."

माजं वय बासष्ट हाय बाई. मला आजवर कुणी अरेतुरे केलं न्हाई असं न्हाई, पण पोराच्या वयाच्या माणसानं, माज्याच दारात, माज्या बायकोदेखत केलं न्हवतं. श्रीयशदादा लहान असताना साहेबांच्या जुन्या स्कूटरसंगं यायचे, ह्याच शेडमदी जॅकच्या दांड्यावर बसून भेळ खायचे.

संध्याकाळी कोमलनं मोबाईल दाखवला. मावळातल्या गाडीवाल्यांचा ग्रुप हाय, त्यात माज्या दुकानाचा फोटू, आन् खाली लिवलंय, ह्याच्या नकली फिल्टरनं माझे वडील गेले, सावध राहा. आज सकाळी पवनानगरचा रतन आला. त्याच्या तीन जीपा मी धा वर्सं बगतोय. दुरुस्तीला लावलेली जीप तशीच अर्धवट वडून घिऊन गेला.

मला तुमचं काय नको. फकस्त गाडी भंगारात जायच्या आदी तेवडा फिल्टर काडा. मी येत न्हाई, माजा हात लागला तर दादा म्हणतील अंबाजीनं बदलला. दुसऱ्या कुणाकडनं काडा, तुमच्या डोळ्यादेखत. बिल वाचून इंजिनातलं कळत न्हाई बाई.

अंबाजी


तुंगार्ली
२२ ऑगस्ट २०२५

अंबाजीभाऊ,

हे पत्र तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

भंगारवाले यायच्या आदल्या दिवशी मी वळवणच्या एका मेकॅनिकला बोलावलं. श्रीयश बाहेर गेला होता. त्या माणसानं गाडीखाली सतरंजी टाकली, आत शिरला आणि काळा, तेलकट डबा बाहेर काढला. मी रॉकेलच्या फडक्यानं तो स्वतः पुसला. अक्षर हळूहळू वर आलं. ९-१०-२२. ६१,४००. अं.

गाडीच्या मीटरवर त्र्याऐंशी हजार एकशे पन्नास होते.

मी त्याला तो कापायला सांगितला. आतला कागद कागद राहिलेलाच नव्हता. घड्या एकमेकींना चिकटून करपलेल्या, एका बाजूनं फाटलेल्या, आणि त्यात डांबरासारखा काळा गाळ. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, हा फिल्टर अस्सल आहे, चांगला आहे. पण अडीच वर्षं कुणी हातच लावला नाही त्याला."

श्रीयश घरी आला तेव्हा मी ते दोन तुकडे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले होते.

"हे काय?" तो म्हणाला.

"वाच."

"कुणीही लिहू शकतं, आई."

"तू माझ्याकडे बघून म्हण."

मग तो बसला. टेबलाची कड खरवडू लागला. मग म्हणाला, "बाबा दर वेळी कागद मागायचे. फिल्टर बदलला का, बिल दाखव. म्हणून मी बिल आणून दिलं." गाडी कधीच सर्व्हिसिंगला गेली नव्हती. शुक्रवारी न्यायची, धुवायची, आतून पुसायची, तेल कमी असेल तेवढं वरून ओतायचं, सोमवारी परत. बिल त्याच्या मित्रानं टाइप करून दिलं होतं. "वेळ नव्हता गं. पुढच्या महिन्यात करू, असं मला प्रत्येक वेळी खरंच वाटायचं."

मला तो खोटं बोलतोय असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं. त्याला खरंच तसं वाटायचं.

तुमची क्षमा मागते. ग्रुपवरचा मजकूर त्यानं काढून टाकलाय. काढला म्हणजे झालं, असं त्याला वाटतं.

पण भाऊ, मलाही एक विचारायचंय. ह्यांची खिशातली डायरी काल उघडली. एकोणीस मार्चच्या पानावर लिहिलंय: 'कार्ले. अंबाजीकडे फॅनचा पट्टा बदलला. पाऊण तास.' तुम्ही मला लिहिलंत की बावीसनंतर गाडी तुमच्या दुकानात आलीच नाही. माझ्या घरात सगळेच खोटं बोलत होते, ते मी समजू शकते. तुम्ही का बोललात?

नीरजा


कार्ले फाटा
१ सप्टेंबर २०२५

बाई,

व्हय. साहेब आलते. मी खोटं लिवलं.

पट्टा किरकिरत हुता म्हणून आलते. म्हणाले, श्रीयश पुण्यास्नं येईस्तवर कोण थांबणार, तू घाल. मी गाडीखाली गेलो. बॅटरी मारली तर फिल्टरवर माजंच अक्षर. आदी वाटलं, माजंच चुकतंय. पुसून बगितलं. मंग भाईर येऊन म्हणलं, "साहेब, ह्यो फिल्टर माजा हाय. बावीसचा."

साहेबांनी कोट काडून खुर्चीवर ठेवला आन् सोता गाडीखाली वाकून बगितलं. उठले तवा गुडघ्याला माती लागली हुती, ती झाडली न्हाई. मला मोठ्यानं सांगावं लागतं, आन् बाजूला माणसं हुती, म्हणून त्यांनी डायरीचं एक पान फाडलं आन् त्यावर लिवून दिलं: 'नीरजाला कळता कामा नये. तिनं माझ्याशी भांडून गाडी श्रीयशकडे दिली आहे. तिला हे सोसणार नाही.'

मी म्हणलं, "मंग मी आत्ताच बदलतो."

मान हलवली. त्याच कागदावर खाली लिवलं, "मे महिन्यात तो परत गाडी नेणार आहे. त्या वेळी करेल. त्याला स्वतःहून करू दे. बापानं पकडलं असं पोराला वाटता कामा नये." मंग म्हणाले, "अंबाजी, शब्द दे." मी दिला.

तो कागद त्यांनी परत मागून घेतला आन् फाडून टाकला.

तुमचं पयलं पत्र आलं तवा साहेबांना जाऊन म्हैना झालता. मेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडू, असं वाटलं. म्हणून लिवलं, गाडी आली न्हाई. पण फिल्टर काडून बगा, ह्ये बी त्याच पत्रात लिवलं हुतं. माजं तोंड बंद ऱ्हावं आन् तुमाला कळावं, दोन्ही पायजे हुतं मला.

आता माजं मागणं आयका. मजकूर काडला, पण लोकांच्या डोस्क्यातनं कोण काडणार? रतन परत आला न्हाई. आणखी दोघं गेले. काल एक पोरगी स्कूटर घिऊन आली, पाटी वाचली, आन् मला बगून निघून गेली. तुमी एक दिवस या. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी चार माणसं कायम असत्यात. तितं येवडंच म्हणा, अंबाजीचा फिल्टर नकली न्हवता. श्रीयशदादांचं नाव घेऊ नका. तुमी शाळेच्या बाई हाय, तुमचा शब्द मावळात कुणी खाली पडू देणार न्हाई.

अंबाजी


तुंगार्ली
२० सप्टेंबर २०२५

भाऊ,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी मे महिना आठवते आहे. श्रीयशनं मेमध्ये गाडी नेली होती. सोमवारी आणून दिली, धुतलेली, चकचकीत. ह्यांनी बिल मागितलं, हातात घेतलं, पुष्कळ वेळ बघत राहिले आणि घडी घालून खिशात ठेवलं; ते बिल मला पुन्हा दिसलं नाही. "छान," एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी हे अंगणात गाडीखाली वाकलेले मला दिसले. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, "पेन पडलं."

मी आत गेले आणि कुकर लावला.

म्हणजे त्यांना दुसऱ्यांदाही कळलं होतं. आणि तरी महिनाभर त्याच गाडीत मला शेजारी बसवून ते हिंडत होते.

तुम्हाला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. इंजिन बंद पडायच्या आधी, खिंडीच्या खाली, समोर एक लाल दिवा लागला होता. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला. मी विचारलं, हा कसला दिवा? त्यांनी बघितला. डोळे मिटले. "तू चालव," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "श्रीयशला काही बोलू नकोस." मला वाटलं, वेदनेनं भरकटलेत. त्यानंतर पन्नास मिनिटांत ते दुसरं काहीच बोलले नाहीत. आता तुमच्या पत्रामुळे त्या वाक्याचा अर्थ कळला. कळला नसता तर बरं झालं असतं.

मी फाट्यावर येणार नाही.

तुम्ही म्हणता, नाव घेऊ नका. पण मी 'अंबाजीचा फिल्टर नकली नव्हता' म्हणाले की चौघांतला एक तरी विचारेल, मग बाई, गाडी बंद कशानं पडली? पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. त्या प्रश्नावर मला खोटं बोलता येणार नाही, आणि खरं बोलायला ह्यांनी मला मनाई केली आहे.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला श्रीयशकडे राहायला जाते आहे. इथलं घर विकायला काढलंय. नातीला, अनुष्काला, पाचवं लागलंय. ती मला विचारते, आजोबांची गाडी कुठे गेली. श्रीयश सकाळी मला चहा आणून देतो. मी कप घेते. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. उरलेलं आयुष्य मला त्या चहावर काढायचं आहे, भाऊ. दुसरं माणूस मला नाही.

फिल्टरचे ते दोन तुकडे मी भंगारवाल्याच्या हातात दिले. तुम्ही मागितले असतेत तर मला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून आधीच दिले.

तुम्ही ह्यांना शब्द दिला होतात. तोच मलाही द्या. तुमच्यावर मी अन्याय करते आहे हे मला समजतं. समजूनच करते आहे.

नीरजा पुरंदरे


कार्ले फाटा
१२ ऑक्टोबर २०२५

बाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान बंद करून घरी आलो. शब्द द्यायचा न्हाई, असं वाटंतच ठरवलं. साहेबांना दिला, त्याचं काय झालं ते तुमी-आमी बगितलं. तुकडे भंगारात गेले तर जाऊ द्या, माजं तोंड हाय. फाट्यावर हुबा ऱ्हाऊन सगळं सांगणार हुतो, श्रीयशदादांच्या नावासकट. आयकायला कमी येतं, बोलायला न्हाई.

पयलं रेणुकेला सांगितलं. तिला मार्चचं ठावं न्हवतं. दोन म्हैने ती माज्यासंगं लोकांची तोंडं बगती, पाण्यावरच्या बाया तिला टोमणे मारत्यात, आन् मी तिलाबी सांगितलं न्हवतं. ती भाकरी थापत हुती. मी सांगत गेलो, ती आयकत गेली. मला वाटलं, आता ती म्हणंल, तुमचा काय दोष न्हाई. त्येवडंच पायजे हुतं मला, बाई. फाट्यावरच्या लोकांचं न्हाई मिळालं तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "पट्टा बसवताना साहेब कुटं हुते?"

मी म्हणलं, "टपरीवर. चहा प्यायला गेलते."

"त्या गाडीचा फिल्टर हुता का आपल्याकडं?"

हुता. फळीवर चार हुते.

"किती येळ लागतो?"

तिला ठावं हाय किती येळ लागतो. चाळीस वर्सं बगतीय.

"मंग त्यांना न सांगता बदलून का न्हाई टाकला? वर काय लिवलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

बाई, खरं सांगतो, त्या दिवशी ह्ये माज्या मनातबी आलं न्हवतं. साहेब न्हाई म्हणाले आन् मी थांबलो. उलट जरा बरंबी वाटलं. गाडी माज्याकडनं काडून पुण्याला नेली हुती ना तुमी. मनात म्हणलं, कळू दे आता कागदवाल्यांना. हे आजवर कुणाला बोललो न्हाई. रेणुकेलाबी न्हाई. पण तिनं माज्या तोंडाकडं बगितलं आन् तिला कळलं. भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसापासनं इचारत न्हाई, बोलतबी न्हाई, ताट वाढून आत जाती.

दुकानात आता पंक्चर काडतो. फिल्टर बदलायला कुणी येत न्हाई. कोण नकली फिल्टरवाला म्हणालं तर मी मान खाली घालून चाक फिरवत बसतो.

तुमी मागितलेला शब्द मी देत न्हाई. पण सांगणारबी न्हाई कुणाला. सांगायला गेलो तर आयकणारा शेवटी रेणुकेनं इचारलं तेच इचारणार.

पुण्याला सुखात ऱ्हावा, असं लिवायला बसलो हुतो. लिववत न्हाई. ह्या पत्राला उत्तर धाडू नका.

अंबाजी केदारी